धुक्यातून आलेली ओ

३ ऑगस्ट, रविवार

आलो बाई एकदाचे. नाशिकहून निघालो तेव्हा छान ऊन होतं. त्र्यंबक सोडलं तशी ढगांनी गाडीची पाठ धरली आणि मोखाड्याच्या पुढे तर तय्यबभाईंनी भर दुपारी दिवे लावून गाडी हाकली. तय्यबभाई जव्हारचे. हर्षदाने, म्हणजे आमच्या लेकीने, पुण्यात बसून फोनवर त्यांना ठरवलं. गृहस्थ बोलका आहे. इथलं धुकं पाहुण्यासारखं आहे, सकाळी येतं आणि जेवून जातं, असं म्हणाले. मी म्हटलं, जेवून जाऊ दे, मुक्कामाला राहू नये म्हणजे झालं.

घर मोठं छान आहे. शिरपामाळच्या वाटेवर, एकटंच, पुढे लांब ओटा आणि ओट्यापुढे थोडं गवत, मग दरी. दरी दिसत नाही, पण आहे म्हणतात. मालक गोकुळसर शाळेत शिक्षक आहेत, ते गावात राहतात. स्वयंपाकाला खालच्या पाड्यावरची जयवंती येते. चाळिशीची असेल. मला पहिल्या भेटीतच ‘तू’ म्हणाली, इथली रीतच आहे तशी, आणि मला ते आवडलं. रात्री नागलीची भाकरी आणि कंटोळ्यांची भाजी. ह्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी पाहिलं असतं तर पेढे वाटले असते.

ही वहीसुद्धा हर्षदानेच दिली. रोज लिही म्हणाली, मन मोकळं होतं. तर लिहिते. ह्यांनी सगळी नोकरी नाशिकच्या एसटी स्टँडवर काढली, कंट्रोलरच्या खोलीत, माइकपुढे. ‘त्र्यंबक, मोखाडामार्गे जव्हारला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे’, हे मी घरातसुद्धा इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. आयुष्यभर लोकांना जव्हारला पाठवलं आणि स्वतः कधी आले नाहीत. रिटायर झाल्यावर जाऊ म्हणायचे. रिटायर झाले आणि विसरायला लागले. आधी चष्मा, मग किल्ली, मग गल्ली. आता वर्षभर मलाही विसरलेत. मला ‘ताई’ म्हणतात. चौकशीच्या खिडकीशी आलेल्या बाईशी बोलावं तसं, अगदी आदराने.

गणपती झाले की त्यांना पुण्याच्या एका संस्थेत ठेवायचं ठरलंय. माझ्याच्याने आता होत नाही. म्हणून म्हटलं, त्याआधी जव्हार दाखवू. शिरपामाळ, दाभोसा, राजवाडा, सनसेट पॉइंट. बघून त्यांच्या लक्षात राहणार नाही, पण माझ्या राहील.

४ ऑगस्ट, सोमवार

धुकं जेवून गेलं नाही. चहाला होतं, जेवायला होतं, आणि आत्ता पुन्हा चहाला हजर.

तरी दाभोशाला गेलो. पायऱ्या उतरून अर्ध्यावर उभे राहिलो आणि धबधबा नुसता ऐकला. समोर पांढरं. एवढा मोठा आवाज आणि दिसायला काही नाही, हे मला जरा अंगावरच आलं. ह्यांना मात्र गंमत वाटली. गर्दीचा आवाज आहे म्हणाले, दिवाळीची गर्दी, जादा गाड्या सोडाव्या लागतील. सनसेट पॉइंटला सूर्यच नव्हता, तर तो बुडणार काय! तय्यबभाईंना ओशाळल्यासारखं झालं होतं, जणू आभाळ त्यांनीच भाड्याने आणलंय. मी आभाळाला मनात चार शिव्या घातल्या. एवढं एकच मागितलं होतं.

संध्याकाळी जयवंतीने ह्यांना पानांचं इरलं दाखवलं, लावणीच्या वेळी पाठीवर घेतात ते. हे त्याच्या आत बसून हसले. मी ‘अहो, पुरे आता’ म्हटलं तर जयवंतीने विचारलं, तू नाव नाही का घेत यांचं? मी सांगितलं, लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यात यांना नाव बाप्पाचं, त्यामुळे आरतीतसुद्धा त्या एका शब्दापाशी माझं तोंड मिटतं. हर्षदा यावरून माझी भरपूर थट्टा करते. जयवंती हसली, म्हणाली आमच्याकडेही बाया घेत नाहीत. मग म्हणाली, पण धुक्यात घेतात.

का, ते मी विचारलं नाही. भाकरी करपत होती.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज जे झालं ते विसरायचं नाही, म्हणून लगेच लिहिते.

सकाळी जरा उघडल्यासारखं वाटलं म्हणून शिरपामाळला गेलो. वर पोचेतो पुन्हा सगळं झाकलं. महाराजांचा मुक्काम झाला ती जागा म्हणून माणसं लांबून बघायला येतात, पण आज आमच्याखेरीज कुणी नव्हतं. वारा बोचरा होता. ह्यांचा स्वेटर गाडीत राहिला होता. मी त्यांना कठड्याशी उभं केलं, दोन्ही हात कठड्यावर ठेवले, हलायचं नाही म्हणून बजावलं. ते म्हणाले, बरं ताई. मी गाडीपर्यंत गेले आणि आले. कठडा होता. हे नव्हते.

तय्यबभाई एका बाजूला धावले, मी दुसऱ्या. कुठे जमीन संपते ते दिसत नव्हतं. मी ओरडायला लागले. अहो, अहो, कुठे आहात, अहो! घसा फुटेपर्यंत. माझाच आवाज त्या पांढऱ्यात शिरत होता आणि तिथेच जिरत होता. मी रडायला लागले. या ना हो परत, म्हटलं. नका ना असं करू.

आणि मग ‘ओ’ आली.

पूर्वी स्वयंपाकघरातून हाक मारली की द्यायचे तशी, जरा लांबवलेली, जरा चिडलेली. वर्षभरात त्यांनी मला एकदाही ओ दिली नव्हती. मी वळले. ज्या बाजूला मला वाटत होतं की दरी आहे, त्या बाजूने हे चालत आले. सरळ, ताठ, पाय न ओढता. माझ्यापुढे उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “किती ओरडतेस कुंदा. चल, चहा घेऊ.”

कुंदा म्हणाले.

६ ऑगस्ट, बुधवार

आज मी सुखी आहे, हे इथे लिहून ठेवते.

हे बरे झाले. कसे ते मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. सकाळी उठल्यावर त्यांनी माझ्या वेणीला हात लावून किती पातळ झाली म्हटलं. सापुताऱ्याला माझी चप्पल वाहून गेली आणि मी हॉटेलपर्यंत त्यांच्या बुटांत चालले, ते आठवून हसले. माझ्या आईचा तिरळा बोका आठवला. दिवसभर ओट्यावर बसून बोललो. समोर धुकं होतं, असू दे. आता कशाला पाहिजेत धबधबे?

हर्षदाला फोन लावून दिला. ती रडायलाच लागली. बाबा किती दिवसांनी बोलले गं, म्हणाली. संस्थेला नको म्हणून कळवते म्हणाली. मग तिने लाडात येऊन त्यांना विचारलं, लहानपणी मला झोपवताना कानात काय म्हणायचात? हे हसले, म्हणाले, तूच सांग. तिने खूप आग्रह केला. हे म्हणत राहिले, तू सांग, तू सांग. शेवटी ती म्हणाली, जाऊ दे बाबा, आठवेल.

मलाही ते ठाऊक नाही. बापलेकीचं गुपित होतं ते, मला कधी ऐकू दिलं नाही.

जयवंती आज आत आली नाही. पायरीवरूनच डबा दिला. ओट्यावर बसलेल्या ह्यांच्याकडे बघत राहिली आणि मला बाजूला बोलावून विचारलं, वरती हाक कशी मारलीस? मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. “बाई, धुक्यात नाव घ्यायचा, बापाचा नाव घ्यायचा, गाव घ्यायचा. अहो तर कुणी पन असतो. तिथं किती जन राहिलेत, त्यांना कोन हाक मारतो? तू मारलीस. त्याला वाटला, मलाच बोलावते.”

मी तिला म्हटलं, माझा माणूस मला कळतो. ती तशीच पायरी उतरून गेली.

७ ऑगस्ट, गुरुवार

तय्यबभाई आले होते. जव्हारला कालपासून स्वच्छ ऊन आहे म्हणाले, मोखाड्यालाही. धुकं एवढ्या माळावरच बसलंय. असं त्यांनी कधी पाहिलं नाही. साहेबांना घेऊन चला, राजवाडा दाखवतो म्हणाले. हे नको म्हणाले. इथेच बरं आहे.

चहाचा कप. मी तीनदा करून दिला. बोलता बोलता ओठाला लावतात. पण कप भरलेलाच असतो, वर साय धरलेली.

आणि मी दिवसभर त्यांना एकेक विचारत बसले, सहज विचारावं तसं. जे मला आठवतं ते सगळं त्यांना आठवतं, चपलेच्या रंगासकट. जे मला ठाऊक नाही ते एकही नाही. त्यांच्या शाळेतल्या मित्राचं नाव, पहिल्या पगाराचं काय केलं, वडील गेले तेव्हा खोलीत कोण होतं. हसतात. तू सांग म्हणतात.

दुपारी मी भांडी विसळायला मागच्या बाजूला गेले होते. धुकं अगदी परसापर्यंत आलेलं. आणि खाली, खोल, मला ऐकू आलं.

त्र्यंबक, मोखाडामार्गे जव्हारला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे. प्रवाशांनी कृपया.

पुढचं वाऱ्यात गेलं. माझ्या हातातलं ताट खाली पडलं. आत जाऊन पाहिलं तर हे ओट्यावर बसलेले, तोंड मिटलेलं, माझी वाट बघत.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पाड्यावरच्या लोकांनीही ऐकलंय. जयवंतीचा नवरा आणि दोघे-तिघे दोर घेऊन उतरले होते. आवाज डावीकडे म्हणून गेले की उजवीकडून येतो. पोरं हसतात म्हणे, धुक्यात कुणी गाड्या सोडतंय.

गोकुळसरांना फोन केला. मी काय सांगणार होते? माझा नवरा हरवलाय? सर म्हणाले, पण काका तर तुमच्या मागे बोलताना ऐकू येतायत ना. पोलिसांना तरी काय सांगू. हरवलेला माणूस ओट्यावर बसून मला विचारतोय, जेवलीस का.

बाकी कुणी त्यांना शोधत नाही. परत आले ना ते. मीच सगळ्यांना सांगितलं, आनंदाने, फोन करून करून.

स्वेटर अजून माझ्याजवळच आहे. मंगळवारपासून ते बिनस्वेटरचे आहेत.

जयवंती म्हणते, नाव घेऊन बोलाव, वेळ नको लावू, तुझा येईल आणि हा जाईल. मी हो म्हटलं. ओट्यावरून उतरायला लागले तर हा म्हणाला — हा लिहिलं मी, हे नाही — हा म्हणाला, “आजचा दिवस बस ना गं माझ्याजवळ.” डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. वाईट नाही तो. त्याला कुणी नाहीच.

मी बसले.

देवा, मी बसले. खाली हे गारठत होते आणि मी वर बसून माझं नाव ऐकत होते. किती गोड म्हणतो कुंदा. उद्या नक्की.

९ ऑगस्ट, शनिवार

दुपारी गेले मी दरीच्या कडेला. जयवंतीने माझा पदर मागून धरला होता.

आवाज होताच. बारीक झालेला. मध्ये खोकला.

मी नाव घेतलं. तोंडातून निघेना, जीभ जड, चाळीस वर्षांची सवय. मग मोठ्याने. गजानन रघुनाथ देवरे, नाशिक! गजानन रघुनाथ देवरे!

आवाज थांबला. जवळ आला, इतका जवळ की हात लांबवला असता तर —

“ताई, या नावाचं इथं कुणी नाही. चौकशीच्या खिडकीवर विचारा.”

त्यांचंच बोलणं. तसंच आदराने.

त्यांना आठवत नाही. माझं नाव गेलं, मग स्वतःचं गेलं. जयवंतीला हे कुठून ठाऊक असणार, तिच्या गावात माणसाचं नाव माणसाला ठाऊक असतं. मी पुन्हा घेतलं, पुन्हा पुन्हा. ते म्हणत राहिले, नाही हो ताई, असे कुणी नाहीत.

मला राहवलं नाही. सवयीने गेलं तोंडातून. अहो, म्हटलं. अहो, मी आहे.

ते थांबले. श्वास ऐकू आला. काहीतरी आठवत होतं त्यांना, शपथेवर सांगते, ते काहीतरी म्हणणार होते —

माझ्या मागून, ओट्यावरून, ओ आली. मोठी, स्पष्ट.

आणि धुक्यातून ते म्हणाले, “मिळाले का तुमचे? बरं झालं ताई.”

मग गाड्या सुरू झाल्या पुन्हा. लांब जात जात.

जयवंती रडत होती. मला रडू येत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळ. हर्षदाचा फोन येतोय, घेत नाही. तो घेतो. हसून बोलतो तिच्याशी. ती खूष आहे.

आवाज फार क्षीण. मध्ये मध्ये बंदच.

एक सुचलंय. नाव नको. अहो नको. त्यांना कुंदा ठाऊक नाही, देवरे ठाऊक नाही. प्रवासी ठाऊक आहे. आजवर एकाही प्रवाशाला त्यांनी उत्तर दिल्याशिवाय सोडलं नाही. जेवणाचा डबा उघडा टाकून उठायचे.

मी प्रवासी म्हणून जाणार. स्वेटर पिशवीत घेतलाय.

—

कडेला आले. दगडावर बसून लिहितेय. जयवंतीला सांगितलं नाही, ती सोडणार नाही. मागे ओट्यावर तो उभा. कुंदा, कुंदा. रडतोय. ओ द्यायची नाही. वळायचं नाही.

विचारलं मी. साहेब, जव्हारची गाडी कुठे लागते?

काही नाही.

पुन्हा विचारलं.

आलं उत्तर. लगेच, जवळून. फलाट चार, ताई. एकट्याच आहात का? बसा, शेवटची आहे ही.

म्हटलं, तुम्ही येता का बरोबर.

म्हणाले, मला ड्यूटी सोडून येता येत नाही. तुम्ही या.

पांढरं सगळं. पायाखालचं गवतही दिसत नाही. मागे कुंदा — कुंदा — जवळ आलाय, धावत —

या ताई, म्हणतात. हात पुढे केलाय. दिसतोय. घड्याळ त्यांचंच. गाडी उभी आहे म्हणतात, जागा आहे, पायरी उंच आहे तेवढी सांभाळा —

खाली पाऊल लागत नाही. पण हात त्यांचा — धरला मी — येतेय हो, मी चढ